‘फुल विमा’ आणि गाडीतली बॅग

जळगावच्या सराफ बाजारातून दागिने घेऊन धुळ्याकडे परतताना लोक चहाला थांबतात आणि बॅग सीटवरच सोडतात. ‘गाडीचा फुल विमा आहे ना!’ हा भरवसा वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

फुल विमा गाडी चोरीला गेली तर भरपाई देतो, तीही पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीच्या (घसारा वजा करून ठरवलेली गाडीची किंमत) हिशेबानं, शोरूमच्या किमतीनं नाही. काच फोडून नेलेला लॅपटॉप, रोकड, दागिने त्यात धरलेच जात नाहीत. सामानासाठी जादा हप्ता भरून वेगळं कव्हर मिळतं. त्यातूनही रोकड-दागिने सहसा वगळलेले असतात. आणि कायद्यानं सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) तर गाडीची चोरीसुद्धा बसत नाही. हे अनेकांना गाडी गेल्यावरच कळतं, याचं फार वाईट वाटतं.

दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते. म्हणून दुसरी चावी घरीच ठेवा, गाडीच्या कप्प्यात कधीच नको. चोरी झालीच, तर त्याच दिवशी पोलिसांत एफआयआर नोंदवा आणि कंपनीलाही लगेच कळवा. सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना बॅग घरूनच डिकीत टाका. पार्किंगमध्ये चारचौघांदेखत नको.