फर्नांडोमेनिया: आठ विजयांमागची तीस वर्षं

९ एप्रिल १९८१. लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा मोसमातला पहिला सामना, समोर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. याच ह्यूस्टनने सहा महिन्यांपूर्वी डॉजर्सच्या मैदानावर येऊन, बरोबरी फोडण्यासाठी खेळवलेला जादा सामना जिंकला होता आणि गटविजेतेपद नेलं होतं. त्यामुळे दिवस महत्त्वाचा. पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकायचं काम, करायची होती जेरी रॉयसने, पण त्याची पोटरी दुखावली. त्याच्यानंतरचा बर्ट हूटन. त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं. उरला वीस वर्षांचा, अंगाने गोलमटोल, इंग्रजी जवळपास न येणारा डावखुरा फर्नांडो व्हॅलेन्झुएला. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, सामन्याच्या सुरुवातीपासून त्याने एकदाही पिचिंग केलेली नव्हती. त्याने ह्यूस्टनला एकही रन काढू दिली नाही. डॉजर्स २-० ने जिंकले.

पुढचे सातही सामने तो जिंकला. पहिल्या आठपैकी पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना शून्यावर रोखलं, आणि दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या रनची सरासरी होती ०.५०. मे महिन्याच्या मध्यापर्यंत शहराला लागलेल्या त्याच्या वेडाला ‘फर्नांडोमेनिया’ हे नाव पडलेलं होतं.

मुलगा आला कुठून? मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या एचोवाकिला नावाच्या खेड्यातून. शेतकरी कुटुंब, बारा भावंडांतलं शेंडेफळ. डॉजर्ससाठी नवे खेळाडू हेरणारा स्काउट माइक ब्रिटो मेक्सिकोत गेला होता तो एका शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) बघायला; नजर खिळली ती समोरच्या संघातल्या या पोरावर. जुलै १९७९ मध्ये डॉजर्सनी १ लाख २० हजार डॉलर मोजून त्याचा करार विकत घेतला.

हात चांगला होता, पण चेंडूला फार वेग नव्हता. आणखी एखादं अस्त्र हवं, असं संघाचं मत पडलं. ते शिकवायला आला बॉबी कॅस्टिलो, लॉस एंजेलिसमध्येच वाढलेला पिचर. अस्त्र होतं स्क्रूबॉल. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर गुगलीचा चुलतभाऊ समजा: नेहमीचा कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) टाकताना मनगट ज्या बाजूला वळतं, त्याच्या उलट बाजूला वळवायचं. डावखुऱ्याचा हा चेंडू उजव्या हाताच्या बॅटरपासून लांब पळतो. खांद्या-कोपराला जाचक म्हणून फारसं कोणी त्याच्या वाटेला जात नाही. फर्नांडोने तो वर्षभरात हस्तगत केला. १९८० मध्ये सॅन अँटोनियोच्या मायनर लीग (खालच्या पातळीच्या) संघातून सप्टेंबरात वर आला आणि सतरापेक्षा जास्त इनिंगमध्ये, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडल्या तर, त्याच्या खात्यावर एकही रन लागली नाही. म्हणजे १९८१ चा चमत्कार अगदीच आकाशातून पडलेला नव्हता.

पण चांगले पिचर दरवर्षी येतात, त्यांच्या नावाने शहर वेडं होत नाही. त्यासाठी डॉजर्सच्या स्टेडियमखालच्या जमिनीकडे बघावं लागतं.

शावेझ रव्हीन. पालो व्हर्दे, ला लोमा आणि बिशप या तीन वस्त्या, राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. १९५० मध्ये त्यांना पत्रं आली: इथे सरकारी घरकुलं होणार, जागा सोडा, नव्या घरांत पहिला हक्क तुमचा. लोक पांगले, घरं पडली. मग वारं फिरलं. सरकारी घरं म्हणजे समाजवाद, अशी हाकाटी करणारे निवडून आले आणि योजनाच गुंडाळली गेली. रिकामी टेकडी पुढे ब्रुकलिनहून आलेल्या डॉजर्सना मिळाली. मे १९५९ मध्ये शेवटच्या काही कुटुंबांना, त्यातल्या अरेचिगांना तर टीव्ही कॅमेऱ्यांसमोर, पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. आपल्याकडे याला एकच शब्द आहे: प्रकल्पग्रस्त. १९६२ मध्ये तिथे डॉजर स्टेडियम उघडलं. शहरातल्या अनेक मेक्सिकन घरांनी त्या दाराशी जायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

डॉजर्सचे सामने स्पॅनिश रेडिओवर मात्र आधीपासून होते. इक्वाडोरहून आलेले हाइमे हारीन १९५९ पासून समालोचन करत होते, आणि १९८१ मध्ये पत्रकारांसमोर फर्नांडोचे दुभाषे तेच झाले. ऐकणारा वर्ग घरात तयार होता. त्याला मैदानात आणणारा माणूस हवा होता. तो आला, आणि चेंडू टाकण्याआधी डोळे आभाळाकडे लावायची त्याची लकब गल्लीतल्या पोरांनीही उचलली. विस्थापितांची जखम त्याने भरून काढली असं म्हणणं मला जास्तीचं वाटतं. घरं काही परत आली नाहीत.

१२ जूनला खेळाडूंचा संप झाला आणि मोसमाचे जवळपास दोन महिने वाया गेले. तरी १३ विजय, ७ पराभव, १८० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). त्याच वर्षी त्याला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही. एकाच मोसमात दोन्ही मिळवणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध डॉजर्स ०-२ असे मागे असताना त्याने तिसरा सामना १४७ चेंडू टाकून एकट्याने ओढून नेला. त्या दिवशी तो चांगला टाकत नव्हता, नऊ हिट आणि सात वॉक (चार चेंडू बाहेर गेल्याने बॅटरला फुकट मिळणारा बेस) दिले, तरी ५-४ ने जिंकवलं. ते आठ विजय एकीकडे आणि हा सामना एकीकडे. मी हाच निवडेन. पुढचे तिन्ही सामने जिंकून डॉजर्सनी विजेतेपद घेतलं.

१९८६ मध्ये २१ विजय मिळवले, पण २० सामने शेवटपर्यंत एकट्यानेच टाकले. दोन वर्षांत खांद्याने हिशेब मागितला. १९९१ च्या वसंतात डॉजर्सनी त्याला सोडून दिलं. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेलेल्यांचाच नंबर निवृत्त करायचा असा संघाचा रिवाज. पण ३४ नंबरची जर्सी त्याच्यानंतर कोणाला दिलीच गेली नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रिवाज बाजूला ठेवून ती रीतसर निवृत्त झाली. २२ ऑक्टोबर २०२४ ला फर्नांडो गेला. तीन दिवसांनी डॉजर स्टेडियमवर वर्ल्ड सिरीज सुरू झाली. समोर पुन्हा यँकीजच होते.