तीस वर्षांचं युद्ध निव्वळ धर्मयुद्ध नव्हतं
युरोपातलं १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध म्हणजे कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट, असं सर्रास सांगितलं जातं. ठिणगी प्रागमध्ये धर्मावरूनच पडली, हे खरं. पण १६२० मध्ये लुथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, असलेलं सॅक्सनी हे जर्मन राज्य कॅथलिक पवित्र रोमन सम्राटाच्याच बाजूने उतरलं. आणि फ्रान्स? तिथला मुख्यमंत्री रिशल्यू चक्क कॅथलिक कार्डिनल. तरी १६३१ च्या करारानुसार त्याने लुथरपंथी स्वीडनला पैसा पुरवला, कारण सम्राटाचं आणि स्पेनच्या राजाचं हाब्सबुर्ग घराणं डोईजड झालं होतं. १६३५ मध्ये तर फ्रान्सने कॅथलिक स्पेनविरुद्धच युद्ध पुकारलं. भाडोत्री सैनिकांचे पगार थकत, मग ते गावं लुटत. गावाचा पंथ कोणता, हे विचारतो कोण! लढायांपेक्षा उपासमार आणि रोगराईनेच जास्त माणसं मेली.