‘रॉ’ कोणाचं? खान्देशातल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

जळगाव-धुळे-नंदुरबारकडचा फ्रीलान्स कॅमेरामन डॉक्युमेंटरीच्या निर्मात्याशी भांडतो ते पैशावरून कमी, ‘रॉ’वरून, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रणावरून, जास्त. मुंबईहून आलेल्याला वाटतं, दिवसाचे पैसे मोजले, रॉ आपलं. इथल्याला वाटतं, फायनल तुमचं, रॉ माझं. खोटं दोघंही बोलत नसतात. दोघं वेगवेगळ्या धंद्यात वाढलेले असतात.

फिल्मच्या काळात हा प्रश्नच नव्हता. सोळा एमएमचा रोल एक्स्पोज झाला की डबा सील होऊन मुंबईच्या लॅबला जायचा. सरकारी अनुबोधपटाचा कॅमेरामन पगारी नोकर, आणि खान्देशी माणसाचं काम फार तर जीप ठरवून देण्याचं.

इथला फ्रीलान्सर घडला तो लग्नाच्या मांडवात. आधी खांद्यावरचा व्हीएचएस एम-९०००, मग मिनी डीव्हीचा एमडी-१००००. पॅनासॉनिकच्या या दोन कॅमेऱ्यांवर एक अख्खी पिढी शिकली. सोबत हॅलोजन धरणारा पोऱ्या आणि मागे वायर गुंडाळत येणारा दुसरा. मिक्सिंग झालं की यजमानाला कॅसेट, पुढे सीडी. मूळ कॅसेट शूटिंगवाल्याची, तिच्यावर पुढच्या तिथीचं लग्न चढायचं. नवरदेवाच्या बापाने मूळ कॅसेट मागितलीच तर तिचे वेगळे पैसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडतही कुणी नव्हतं.

त्याच सुमारास सातपुड्यात दुसरं काम उभं राहिलं. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली (१ जुलै १९९८ पर्यंत हा धुळे जिल्हाच). १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीतली घरं पाण्याखाली गेली. तिथून सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑक्टोबर २००० च्या निकालापर्यंत मुंबई-दिल्लीचे आणि परदेशी कॅमेरे येत राहिले. त्यांना वाट दाखवणारा, बोली समजणारा आणि चार्जिंगसाठी बॅटऱ्या घेऊन धडगाव नाहीतर मोलगी गाठणारा माणूस लागायचा. काही लग्नवाले असे त्या युनिटांबरोबर गेले आणि डॉक्युमेंटरी शिकले. म्हणजे मुख्यतः न हलायला शिकले. लग्नात झूम थांबला की यजमान विचारतो, “काय भो, बंद पडला का?” इथे म्हातारी बोलून गप्प झाली तरी दहा सेकंद कॅमेरा तिच्यावर तसाच ठेवायचा. कॅसेटी युनिटबरोबर निघून जात. मागायचं कुणाला सुचलं नाही.

मग बातम्यांचे चॅनेल आले आणि स्ट्रिंगर नावाची, चॅनेलला गावाकडून बातम्या पुरवणाऱ्यांची, जात तयार झाली. नेमणूकपत्र नाही, हातात फक्त चॅनेलचा बूम, म्हणजे माइक. कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, नाहीतर भुसावळला गाडीत कुणाच्या हवाली करायची. गेलेली कॅसेट परत येत नसे. जो शहाणा, तो कॉपी पाठवायचा आणि मूळ घरी ठेवायचा.

असाच एक शहाणा शहाद्याकडचा. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक टेंभलीत वाटले गेले, पंतप्रधान स्वतः आले. चॅनेलने याला २९ ला जायला सांगितलं होतं. हा २८ लाच मोटरसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलवर गेला आणि गावात चाललेली तयारी टिपून आला. दुसऱ्या दिवशी मंडप, गर्दी, भाषणं. कॅसेट एकच. स्केच पेनने ‘टेंभली’ लिहून ती बिस्किटाच्या डब्यात पडून राहिली. पुढे आधारवर डॉक्युमेंटरी करणाऱ्या एका निर्मात्याने ती मागितली, याने विकायचं ठरवलं आणि चॅनेलचा फोन आला: आमची आहे.

कायदा काय म्हणतो हे इथे नीट बघावं लागतं, कारण नाक्यावर जे सांगितलं जातं ते बहुतेक चूक असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता तो काढणारा, चित्रपटाचा (व्हिडिओही त्यातच आला) कर्ता मात्र निर्माता. सारंगखेड्याच्या यात्रेत तोच माणूस, तोच कॅमेरा, समोर तोच घोडा. फोटोचं बटण दाबलं तर हा कर्ता, व्हिडिओचं दाबलं तर कुणीच नाही. (फोटोतही सगळं आलबेल नाही. मोबदला देऊन काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिली मालकी मोबदला देणाऱ्याची.) पण निर्माता म्हणजे कायद्याच्या भाषेत कामाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. मग कुणी न सांगता स्वतःच्या पेट्रोलवर गेलेला माणूस त्या दिवसाचा निर्माता ठरतो. आणि जो निर्माता, त्याच्याकडून हक्क घ्यायचे तर लेखीच घ्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जातात. हे आमच्याकडे सही करणाऱ्याला माहीत नसतं. सही घेणाऱ्यालाही क्वचितच असतं, कारण त्याच्या कागदावर ‘वर्क फॉर हायर’ असा अमेरिकी कायद्यातून उचललेला शब्द असतो. तो आपल्या कायद्यात नाहीच.

२०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला निर्मात्याबरोबर सहकर्ता करण्याची तरतूद होती. २०१२ ला कायदा झाला तेव्हा ती गळली होती. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीची सोय झाली, आणि झाली ते बरंच झालं. कॅमेरामन त्या प्रस्तावातही नव्हता. आयकराच्या नियमात मात्र हाच माणूस ‘फिल्म आर्टिस्ट’, नट-दिग्दर्शकांच्या पंक्तीला. टीडीएस कापायच्या वेळी तेवढा कलावंत.

भांडण पेटलं ते कॅसेट जाऊन मेमरी कार्ड आल्यावर. २००८ च्या शेवटी कॅननचा ५डी मार्क टू, व्हिडिओही घेणारा फोटोचा कॅमेरा, निघाला आणि दोन-चार वर्षांत इकडच्या लग्नांतही दिसू लागला. बारा मिनिटांत क्लिप आपोआप बंद पडायची, मे महिन्यात त्याआधीच कॅमेरा तापायचा. पण खरा बदल वेगळा होता. मूळ आणि कॉपी यांत फरकच उरला नाही. आता निर्मात्याचा माणूस रात्री लॉजवर दोन हार्डडिस्क घेऊन बसतो, सगळं उतरवतो, तपासतो आणि कार्ड स्वतःच्या हाताने फॉरमॅट करतो. कॅमेरामन शेजारी चहा पीत बघत असतो. त्याला कॉपी ठेवायची परवानगी मिळाली तरी १०० एमबीपीएसचं फोरके चित्रण तासाला ४५ जीबी खातं, ते साठवायचं कुणाच्या खर्चाने? म्हणून बरेच जण हल्ली रेट सांगतानाच विचारून घेतात, रॉसह की रॉशिवाय. व्हॉट्सॲपवर ‘ओके’ आलं की झाला करार.

टेंभलीच्या कॅसेटचा वाद कोर्टात गेला नाही. ती चालवायला आधी चालू डेक, म्हणजे कॅसेट प्लेअर, मिळेना. शेवटी एका लग्नवाल्याच्या माळ्यावरच्या एमडी-१०००० वर लावली. २८ चं चित्रण संपून २९ चं सुरू होतं तिथे चार सेकंद निळा पडदा आहे. ठरलं असं, की निळ्याच्या अलीकडचं त्याचं, पलीकडचं चॅनेलचं. निर्मात्याला हवा असलेला मंडप पलीकडे होता.