कार्बन नॅनोपदार्थांनी बळकट केलेले जैवविघटनशील प्लास्टिक

सूक्ष्मजीवांच्या क्रियेने कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, ग्राफीनचे (एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचे) पापुद्रे किंवा कार्बन ब्लॅकचे (काजळीसारख्या कार्बनचे) अतिसूक्ष्म कण अल्प प्रमाणात मिसळून केलेला संमिश्र पदार्थ. नाशिक जिल्ह्यात या विषयाला अर्थ येतो तो मुख्यतः मल्चिंग पेपरमुळे. टोमॅटो, मिरचीच्या बेडवर पसरलेला साधा पॉलिथिलिनचा पेपर हंगाम संपल्यावर फाटत निघतो, तुकडे मातीत राहतात आणि उरलेला बहुधा बांधावर जळतो. जमिनीतच कुजणारा पेपर हा त्यावरचा सरळ उपाय. पण तो अंथरताना फाटू नये आणि पीक उभे असेपर्यंत उन्हात टिकावा, ही अट अवघड आहे.

मका किंवा उसातील शर्करेपासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे (पीएलए) ताणबल, म्हणजे ओढ सोसण्याची ताकद, ५० ते ७० मेगापास्कल, म्हणजे चांगलेच असते. मात्र ते ठिसूळ असते आणि ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. पीबीएटी हे दुसरे जैवविघटनशील प्लास्टिक लवचीक पण कमी ताठ. म्हणून पेपरसाठी बहुधा दोघांचे मिश्रण वापरतात. ‘बायो’ शब्दावर विसंबून पीएलएची वस्तू वावरात पुरणाऱ्याची निराशाच होते: ती नीट कुजायला सुमारे ५८ अंशांचे औद्योगिक कंपोस्ट लागते.

ग्राफीनचे ताणबल सु. १३० गिगापास्कल (१ गिगापास्कल = १,००० मेगापास्कल) आहे. एवढ्यावरून चिमूटभर ग्राफीन टाकले की प्लास्टिक पोलादासारखे होईल असे वाटते, पण तसे होत नाही. सारा प्रश्न पसरण्याचा आहे. एक ग्रॅम ग्राफीनचे सैद्धांतिक पृष्ठफळ सु. २,६३० चौ. मीटर, म्हणजे २६ गुंठे भरते. हे सारे क्षेत्र प्लास्टिकच्या रेणूंना भिडले तरच ताण एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पापुद्रे व नळ्या मात्र परस्परांना चिकटून गुठळ्या करतात आणि प्रत्येक गुठळी हे चीर सुरू होण्याचे ठिकाण ठरते. त्यामुळे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्या आसपास ठेवतात. त्यापुढे बळ अनेकदा घटते. गुठळ्या टाळण्यासाठी कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट जोडतात, किंवा आधी दाट मास्टरबॅच (भरपूर कार्बन मिसळलेले प्लास्टिक) करून तो ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून दोन स्क्रूंनी घोटणाऱ्या यंत्रात, पातळ करतात. हे यंत्र नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतील प्लास्टिक कारखानदाराला नवे नाही. पीएलएची ओलाव्याबाबतची नाजूक तब्येत नवी वाटेल: दाणे आधी नीट वाळवले नाहीत तर वितळताना पाणी त्याच्या रेणुसाखळ्या तोडते आणि कार्बनने कमावलेले बळ तिथेच जाते. नाशिकच्या पावसाळ्यात ड्रायरशिवाय हे काम करू नये.

बळाखेरीज इतर फायदेही मिळतात. कार्बन अतिनील किरण शोषतो, पापुद्र्यांना वळसे घालावे लागल्याने बाष्प सावकाश पार होते, आणि कण स्फटिकीभवनाची केंद्रे बनतात. याच स्फटिकतेमुळे कुजणे मंदावू शकते. उलट पाणी ओढणारे ग्राफीन ऑक्साइड काही वेळा ते वाढवते. त्यामुळे बळकटीचे आकडे देताना कुजण्याचे आकडे न देणारा निर्माता अर्धीच माहिती देत असतो. मातीत कुजणाऱ्या मल्चिंग फिल्मसाठीचे २०१८ चे युरोपीय मानक ईएन १७०३३ दोन वर्षांत ९० टक्के विघटन मागते.

प्लास्टिक कुजले तरी कार्बन मागे राहतो. २५ मायक्रॉन जाडीच्या, १.२ मीटर रुंद व ४०० मीटर लांब बंडलाचे वजन सु. १५ किलो होते. अर्धा टक्का कार्बन धरला तर त्यात ७५ ग्रॅम. पाच फुटांवर बेड असल्यास एकरी सहा-सात बंडले लागतात, म्हणजे दर हंगामाला मातीत सु. अर्धा किलो. कार्बन ब्लॅक तर नेहमीच्या काळ्या पेपरमध्येही असतो, आणि बहुधा याहून जास्त. नळ्यांची गोष्ट निराळी. सुट्या नळ्यांची धूळ श्वासावाटे जाणे धोक्याचे आहे: एमडब्ल्यूसीएनटी-७ या अनेक भिंतींच्या नळ्यांच्या एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातले. हा धोका शेतकऱ्यापेक्षा मिसळणाऱ्या कामगाराला अधिक असतो, म्हणून सुटी पूड हाताळण्यापेक्षा तयार मास्टरबॅच घेणे सोयीचे.