शेवट गोड असणार, हे ठाऊक असूनही

चार्ल्स डार्विन यांना कादंबऱ्या फार आवडत. घरात त्यांना त्या मोठ्याने वाचून दाखवल्या जात. १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात ते म्हणतात की, उतारवयात कवितेची एक ओळही सोसवेना, कादंबऱ्यांनी मात्र भरभरून आनंद दिला. फक्त शेवट दुःखाचा नको. त्याविरुद्ध कायदाच हवा! शिवाय मनापासून जीव लावावा असं एखादं पात्र हवं.

विनोदी प्रेमकथा म्हटली की 'शेवटी दोघं एकत्र येणारच, मग वाचायचं काय?' असं हमखास ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. शेवट गोड होणार या भरवशावरच तर वाचक नायिकेच्या एकटेपणात, तिच्या मोडलेल्या विश्वासात निर्धास्त उतरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये वाचकांना कथांचे शेवट आधीच सांगून टाकले, तर त्या कथा सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही दिसलं. पण शेवट कळला की गोडी गेली, हे काही सरसकट खरं नाही.

आणि हसू-आसू एकाच पुस्तकात का हवं? मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात मांडलेला सिद्धान्त इथे फार मोलाचा वाटतो. ताणाच्या प्रसंगात छाती धडधडते, श्वास जलद होतो. प्रसंग पालटला की मन लगेच पालटतं, शरीर मात्र मागे रेंगाळतं. चढलेली उत्तेजना ओसरायला काही मिनिटं लागतात. नायिका इस्पितळात आहे, आपला जीव टांगणीला लागलाय आणि घाबरलेला नायक भलत्याच खाटेशी जाऊन अनोळखी आजोबांसमोर प्रेमाची कबुली देतो. एरवी स्मित उमटलं असतं, तिथे आपण खदखदून हसतो. काळजीची उरलेली धडधड मेंदू हसण्याच्या खात्यात जमा करतो.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाला पोट धरून हसल्यावर माणसांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली आढळली. २०१६ मध्ये हृदयद्रावक चित्रपटाने हेलावलेल्या प्रेक्षकांतही तेच दिसलं. दोन्हींमागे एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातच तयार होणारं वेदनाशामक रसायन असावं, असा त्यांचा कयास आहे. हे प्रयोग सोबतीने पाहणाऱ्यांवरचे. एकट्याने केलेल्या वाचनाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

झिलमन यांचं मात्र आजच करून पाहता येईल. रडवणारं प्रकरण संपलं की पुस्तक मिटून झोपू नका, पुढची चार पानं त्याच बैठकीत वाचा. त्यातला विनोद उद्या सकाळी इतका खुलणार नाही.