मुन्नाभाईचे पूर्वज

'मुन्नाभाई एमबीबीएस' (2003) मधला मुन्ना सरळसरळ गुंड आहे. माणसं उचलून वसुली करणं हा त्याचा धंदा. मेडिकलला प्रवेश मिळवतो तो दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि आपल्या जागी परीक्षेला बसायला त्या दुसऱ्याला, डॉ. रुस्तमला, तयार करतो दमदाटीने. तरी थिएटरात शिट्ट्या पडल्या त्या त्यालाच. वर राष्ट्रीय पुरस्कारांत हा निकोप मनोरंजन करणारा लोकप्रिय चित्रपट ठरला!

कॉलेजातल्या लबाडाचं हे घराणं मूळचं हॉलिवूडचं. मार्क्स बंधूंच्या 'हॉर्स फेदर्स' (1932) मध्ये ग्राउचो चक्क कॉलेजचा प्रमुख होतो. स्टेडियम आणि कॉलेज दोन्ही परवडत नाहीत म्हटल्यावर त्याचा हुकूम सुटतो : उद्यापासून कॉलेज पाडायला घ्या. मग फुटबॉलची मॅच मारण्यासाठी तो चोरट्या दारूच्या गुत्त्यात खेळाडू विकत घ्यायला जातो आणि भलतेच दोघे गळ्यात पाडून घेतो. ही थट्टा हवेतली नव्हती. कॉलेजं खेळाडूंना आडमार्गाने पैसे चारतात, हे कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने 1929 मध्येच चव्हाट्यावर आणलं होतं.

1934 पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. पडद्यावरच्या गुन्हेगाराचं भलं झालेलं दाखवायची सोय उरली नाही. संहिता 1968 मध्ये गेली आणि दहा वर्षांनी 'अ‍ॅनिमल हाउस' आला. लेखकांपैकी ख्रिस मिलर यांचे डार्टमथ कॉलेजातले दिवस त्यात उतरले आहेत. यातली पोरं कचऱ्याच्या डब्यातून परीक्षेचा पेपर पळवतात. तो निघतो विरोधी टोळक्याने मुद्दाम टाकलेला. सगळे आपटतात. शेवटच्या पाट्यांमध्ये मात्र त्यातला सर्वांत वाह्यात ब्लूटो सिनेटर झाल्याचं कळतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची खुर्ची घालवणारं वॉटरगेट प्रकरण ताजं असलेल्या प्रेक्षकाला हा विनोद समजावून सांगावा लागला नसेल.

'इलेक्शन' (1999) मध्ये लबाडी टेबलापलीकडे गेली. शाळेच्या निवडणुकीत नावडती मुलगी जिंकू नये म्हणून शिक्षकच दोन मतपत्रिका चुरगाळून टाकतो. हा शिक्षक झालेला मॅथ्यू ब्रॉडरिक म्हणजे 1986 मध्ये शाळेला दांडी मारून तिथल्या डीनना गुंगारा देणारा फेरिस ब्युलर. पात्रयोजना अशी जमावी!

नागपूरकर राजकुमार हिराणींचा मुन्ना या मंडळींचा वारस खरा, पण त्याला माफी मिळाली ती इथल्या हवेत. वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित मेडिकल-इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट करून दिली आणि 'डोनेशन' घरोघरी पोचलं. 1986 मध्ये एमडी परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात हायकोर्टाने ताशेरे ओढल्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पायउतार व्हावं लागलं. कॅपिटेशन फी, म्हणजे हेच डोनेशन, बंद करणारा 1987 चा कायदा झाला; डोनेशन काही थांबलं नाही. सिनेमात यातलं अवाक्षर नाही. पण सीट विकत मिळते हे ठाऊक असलेल्या पालकाला मुन्नाचा फार राग यावा तरी कशाला?

त्यात तो वर्गात पहिल्याच दिवशी डीनना विचारतो, कॅज्युअल्टीत माणूस मरायला टेकलेला असतानाही फॉर्म भरणं जरुरी आहे का? या प्रश्नापाशी प्रेक्षक त्याच्या बाजूला जातो, तो परत फिरत नाही. हिशेबात तरी सिनेमा सचोटीचा आहे : मुन्ना कॉलेज सोडतो, डॉक्टर होत नाही.

'3 इडियट्स' (2009) मला याबाबतीत जास्त चलाख वाटतो. तिथे रँचो अख्खी डिग्री दुसऱ्याच्या नावावर घेतो, डायरेक्टरच्या ऑफिसातून पेपरही पळवतो, आणि कुणाचंच काही बिघडत नाही. खऱ्या रणछोडदास चांचडची पदवी शाबूत राहते. त्यालाही निकोप मनोरंजनाचा तोच पुरस्कार.

पुढे 2013 मध्ये मध्य प्रदेशातला व्यापमचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक परीक्षा मंडळाचा, घोटाळा फुटला. त्यात डमी बसवून मेडिकलला शिरलेले सापडले आणि बातम्यांत त्यांचं नाव पडलं 'मुन्नाभाई'. सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांवर 2024 मध्ये केंद्राचा कायदा आला : किमान तीन वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. पण त्याचा रोख पेपर फोडणाऱ्यांवर आणि उमेदवाराला मदत करणाऱ्यांवर आहे. खुद्द उमेदवारावर कारवाई होते ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांनी. म्हणजे दमदाटीचा गुन्हा वेगळा धरला, तर या कायद्याने आत जाईल तो बिचारा डॉ. रुस्तम.