खणण्याआधी फॉल्टचं अंतर

पावसाळ्यात वाशी-नेरूळकडे जमिनीखालची केबल गेली की 'आता अख्खा रस्ता खणणार' असं सोसायटीत हमखास ऐकू येतं. खरं तर योग्य जागी एक खड्डा पुरतो, आणि ती जागा मरे लूप चाचणी वरूनच सांगते. तिच्या मुळाशी बारावीतला व्हीटस्टन सेतू आहे: चार रोधांची चौकट, त्यांचं प्रमाण जुळलं की मधला काटा शून्यावर. मूळ कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ सॅम्युअल क्रिस्टी यांची, १८३३ ची. व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती सर्वांपुढे आणली आणि श्रेय क्रिस्टींनाच दिलं.

समजा, १८५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची ४०० मीटर केबल आहे. एका कोअरमध्ये (केबलीच्या आतल्या एका तारेत) पाणी शिरून ती अर्थ झाली आहे, म्हणजे जमिनीशी जोडली गेली आहे, दुसरी धड आहे. पुरवठा तोडून, दोन्ही टोकं सोडवून, केबल डिस्चार्ज करायची. मग पलीकडच्या टोकाला या दोन कोअर एकमेकींना जोडायच्या: ८०० मीटरचा लूप झाला. अलीकडे धड कोअरला 'अ' रोध, बिघडलेल्या कोअरला 'ब' रोध लावून त्यांची उरलेली टोकं एकत्र बांधायची. गॅल्व्हानोमीटर (बारीक प्रवाह काट्याने दाखवणारं यंत्र) दोन्ही कोअरच्या मध्ये, बॅटरी अ-ब च्या जोडापासून अर्थला. काटा शून्यावर आला की

फॉल्टचं अंतर = ८०० × ब ÷ (अ + ब)

अ ७७० आणि ब २३० ओहम असेल, तर १८४ मीटर.

ओल्या फॉल्टचा रोध किती, हे कुणालाच माहीत नसतं. तो मिनिटामिनिटाला बदलतो. पण तो सेतूच्या चार भुजांपैकी (अ, ब आणि लूपचे दोन भाग) एकीतही येत नाही, बॅटरीच्या वाटेत येतो. त्यामुळे काट्याची हालचाल मंदावते, शून्याची जागा मात्र हलत नाही. किती देखणी गोष्ट आहे ही! फॉल्ट मेगाओहमचा असला तर काटा हलतच नाही. मग किलोव्होल्टचा स्रोत लागतो. कोअर तुटलेली असेल किंवा एकही कोअर धड नसेल, तर ही पद्धत चालत नाही.

वाकड्या सळ्या हातात धरून जमिनीखालचं पाणी नि केबल शोधून देणारे आजही भेटतात. काटेकोर चाचण्यांत तो दावा टिकलेला नाही. त्यांच्या भरवशावर फावडं मारू नये.

खरा घोळ पलीकडच्या जोडात होतो. या कोअरचा रोध किलोमीटरला सुमारे ०.१६४ ओहम, म्हणजे सैल लगमधला (कोअरच्या टोकावरच्या जोडणीच्या तुकड्यातला) ०.०१ ओहम ६१ मीटर केबलीइतका. उत्तर १८४ ऐवजी १७१ येतं, खड्डा १३ मीटर चुकतो. म्हणून चाचणी दुसऱ्या टोकाकडूनही घ्यावी. तिथून २१६ यायला हवं, त्याच सैल लगने २०१ येईल. बेरीज ४०० ऐवजी ३७२ भरली, की आधी लग घासून आवळायचा आणि पुन्हा मोजायचं.